उघड्या चासीवरचं ऊन

आमचे मालक चासी ड्रायव्हर होते. हे सांगितलं की आताची माणसं मान डोलावतात आणि त्यांना काही कळलेलं नसतं, म्हणून नीट सांगते. ट्रकचा वरचा सगळा भाग मनातल्या मनात काढून टाका. केबिन नाही, दारं नाहीत, समोरची काच नाही, मागं हौदा नाही. दोन लांब लोखंडी पट्ट्या, चाकं, इंजिन, स्टिअरिंग आणि बसायला एक सीट, एवढं उरलं की झाली चासी. पिंपरीच्या कंपनीतून ती अशी उघडीच निघायची. इंदूर, नागपूर, हैदराबाद, जिथं गिऱ्हाईक असेल तिथं पोचल्यावर मग तिच्यावर बॉडी चढायची. तोवर ती रस्त्यानं न्यायला माणूस लागायचा. खाली तापलेलं इंजिन, वर एप्रिलचं ऊन आणि मध्ये डोक्याला टॉवेल गुंडाळून, गॉगल लावून बसलेला माझा नवरा. असे तीन-तीन, चार-चार दिवस. दगड उडून फुटू नयेत म्हणून गाडीच्या दिव्यांना पुठ्ठा बांधलेला असायचा. माणसाला काही नव्हतं.

परत आले की मी आधी त्यांच्या तोंडाकडं बघायची. गॉगलच्या जागी दोन गव्हाळ गोल, बाकी सगळं करपलेलं. गालांवर काळपट चट्टे, नाकाची सालं निघालेली, मान पुढून एका रंगाची आणि मागून दुसऱ्या. वस्तीतली पोरं हसायची. हेही हसायचे. मला हसू यायचं नाही, कारण लग्नातला त्यांचा चेहरा मला आठवत होता.

सत्तरचं दशक सरत आलं होतं. पिंपरीत रेल्वेच्या पलीकडं आमची पत्र्याची दोन खोल्यांची जागा होती. त्यात हे, मी आणि सासूबाई. सासूबाईंना मी आत्या म्हणायची. आत्यांचा हात कामाला जड नव्हता, पण जीभ फार तिखट होती. आदल्या वर्षी एका भांडणावरून त्यांनी माझं गाठोडं बांधून मला चाकणजवळ माहेरी पाठवून दिलं होतं. सहा महिने मी तिथं बसून होते. नाशिक रोडनं चासी घेऊन जाताना हे आमच्या फाट्यावर दहा मिनिटं थांबायचे. इंजिन चालूच ठेवायचे, म्हणायचे, "आईचं मन वळवतोय, जरा दम धर." शेवटी त्यांनीच मला परत आणलं. हे सगळं पुढं कामाला येणार आहे म्हणून सांगते, नाहीतर घरातली धुणी रस्त्यावर धुवायची मला हौस नाही.

तर त्या साली कंपनीनं यार्डसाठी तीन ड्रायव्हर आत घ्यायचं ठरवलं. आत म्हणजे कंपनीच्या पटावर. आमचे हे ठेकेदाराचे, आज आहेत उद्या नाहीत. आतला ड्रायव्हर म्हणजे शेडमधून तयार गाडी काढायची आणि यार्डात नेऊन लावायची, युनिफॉर्म, कॅन्टीन, आठवड्याची सुट्टी, आणि मुख्य म्हणजे डोक्यावर छप्पर. गाडी उलटी घेऊन दोन पिंपांच्या मधून काढायची परीक्षा होती. ती ह्यांनी पहिल्या फटक्यात पास केली. मग राहिलं मेडिकल.

मेडिकलच्या डॉक्टरांनी छाती बघितली, डोळे बघितले आणि गालावरच्या चट्ट्यांवर थांबले. टाचणी टोचून विचारलं, कळतं का? ह्यांनी सांगितलं, कळतंय की साहेब. तरी डॉक्टर म्हणाले, तीन आठवड्यांनी परत दाखवा, हे डाग कसले ते बघावं लागेल, पुढं सगळ्यांबरोबर जेवायला बसायचं आहे. बाहेर कंपाउंडरनं ह्यांना बाजूला घेतलं. "राव, तोंड जरा साफ करून या. साहेब डागाला लई भितात, महारोग वाटतो त्यास्नी."

हे मला ह्यांनी जेवताना सांगितलं, अगदी हवापाण्याचं बोलावं तसं. तव्यावरची भाकरी तशीच राहिली. ज्यांच्या गाड्या पोचवता पोचवता माझ्या नवऱ्याची कातडी करपली, तेच म्हणत होते की ही कातडी आम्हाला चालणार नाही. रोग म्हणे! रोग कुठं झाला, कुणी दिला, हे त्या डॉक्टरला गेटबाहेर उभ्या असलेल्या चासींच्या रांगेकडं बघून कळलं नसतं? मी एवढी तापले की आत्यासुद्धा माझ्याकडं बघत राहिल्या.

पण तापून काय होणार? तीन आठवडे होते. चिंचवडगावात काष्ठौषधीचं एक जुनं दुकान होतं, तिथं मी गेले. फळीवर बरण्याच बरण्या, आणि गादीवर एक म्हातारे गृहस्थ. मी म्हणाले, उन्हानं चेहरा काळवंडलाय, काही द्या. त्यांनी विचारलं, कुणाचा? आणि मी म्हणाले, माझाच.

का म्हणाले? लाज वाटली. पुरुषाच्या तोंडाला लेप लावायला बायको औषध नेते, हे त्या परक्या माणसापुढं माझ्या तोंडून निघेना. म्हाताऱ्यांनी माझ्या तोंडाकडं एकदा बघितलं, ते काही फार काळवंडलेलं नव्हतं, पण त्यांनी उठून बरण्या काढल्या. मंजिष्ठा, अनंतमूळ, ज्येष्ठमध आणि लोध्र यांची पूड करून दिली. दुधात कालवायची, संध्याकाळी लावायची, अर्ध्या तासानं धुवायची. सकाळी कोरफडीचा गर. "घाई करू नका," म्हणाले, "ही झाडपाल्याची औषधं आहेत, सावकाश काम करतात. आणि उन्हात जाऊ नका, नाहीतर काही उपयोग नाही." मी मान हलवली. चासी ड्रायव्हरच्या बायकोनं ह्यावर दुसरं काय करायचं?

पहिले दोन आठवडे नशीब बरं होतं. यार्डात गाड्या कमी होत्या, ह्यांचा नंबर लागला नाही. हे संध्याकाळी दार लोटून घ्यायचे आणि मोरीजवळ पाटावर बसायचे. मी लेप लावायची. आत्या म्हणायच्या, "ह्यो काय नवरी हाय का?" पण त्यांनीही दाराबाहेर कुणाला कळू दिलं नाही. कोरफड आमच्या दारात डब्यात लावलेलीच होती. नाकाची सालं गेली, चट्ट्यांच्या कडा फिकट झाल्या. मी रोज उजेडात नेऊन त्यांचं तोंड बघायची. औषध लागू पडत होतं. हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगेन, ती पूड चांगली होती.

मग मेडिकलला आठ दिवस राहिले असताना मुकादमाचा निरोप आला. इंदूरची चासी. नाही म्हणायची सोय नव्हती, एकदा नाही म्हटलं की पुढचे दोन महिने नंबर लागत नसे.

आता इथं लिंबांचं सांगायला हवं. चासी ताब्यात देताना मुकादम प्रत्येक ड्रायव्हरला दोन लिंबं द्यायचा. एक पुढच्या चाकाखाली चिरडायला आणि एक मिरच्यांबरोबर पुढं बांधायला. आम्ही बौद्ध. सासऱ्यांनी दीक्षा घेतली तेव्हाच उतारे, अंगारे, लिंबू-मिरची हे सगळं आमच्या घरातून गेलं होतं. हे मुकादमाशी वाद घालायचे नाहीत. लिंबं घ्यायचे, खिशात टाकायचे आणि घरी आणायचे. गाडी आदल्या संध्याकाळी मिळायची आणि सकाळी निघायची, त्यामुळं लिंबं आधी घरी येत. ह्यांच्याबरोबरचे दोघे-तिघे आमच्यातलेच होते, तेही आपली लिंबं ह्यांच्याकडं द्यायचे, म्हणायचे, वहिनींना सरबताला न्या. आमच्या घरात लिंबांना तोटा नव्हता. लोणचं बारा महिने. शेजारीण विचारायची, "तुमच्या माहेरी लिंबाची बाग हाय का व्हय?"

तर निघायच्या आदल्या संध्याकाळी ती टोपलीभर लिंबं माझ्यासमोर होती आणि डोक्यात एकच. चार दिवस उन्हात गेले की दोन आठवड्यांची मेहनत पाण्यात. पितळेचं भांडं लिंबानं लखलखतं. मडक्याच्या बुडाची काजळी लिंबानं निघते. काळं काढायचं तर लिंबू, हे मला लहानपणापासून माहीत होतं, कुणी शिकवायला नको. सावकाश काम करणारी पूड आता पुरी पडणार नव्हती.

सकाळी उजाडता उजाडता हे निघाले. मी पुडीत दूध न घालता दोन लिंबं पिळली. घाईत होते म्हणून दारातच त्यांची मान एका हातानं धरली आणि दुसऱ्या हातानं गालांना, कपाळाला लेप थापला. रस मनगटापर्यंत ओघळत होता. त्यांनी धुवायला तांब्या मागितला.

"राहू द्या," मी म्हणाले, "गाडीवर वाऱ्यानं वाळंल. जितकं राहील तितकं बरं."

हे हसले. "चाकाखाली घालीत न्हाई म्हनून तोंडावर घालतीस व्हय?"

मी त्यांच्या पिशवीत सहा लिंबं टाकली आणि बजावलं, रोज सकाळी निघायच्या आधी अर्धं लिंबू तोंडाला चोळायचं, विसरायचं नाही. त्यांनी माझं एकही सांगणं कधी टाळलं नाही. हेच तर वाईट झालं.

सहाव्या दिवशी ते रेल्वेनं परत आले. संध्याकाळ होती, मी दारात तांदूळ निवडत होते. लांबून चाल ओळखली, तोंड ओळखलं नाही. कपाळावर फोड येऊन फुटले होते. गालांवर काळेजांभळे पट्टे. जिथं रस ओघळला होता तिथं हनुवटीपासून गळ्यापर्यंत काळ्या रेघा उतरल्या होत्या, रंगाचा डबा कलंडल्यासारख्या. आणि मानेवर डाव्या बाजूला चार बोटं. ओळीनं, स्पष्ट, काळी. मी माझा हात बघितला आणि पदराखाली घेतला.

आत्या बाहेर आल्या. त्यांनी विचारलं, "ह्ये काय झालं? कुनी मारलं का तुला?"

"रेडिएटरचं झाकन उडालं," हे म्हणाले. "गरम पानी तोंडावर आलं."

मी तोंड उघडलं, तर त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मी मिटलं. आत गेल्यावर हळूच म्हणाले, "गप ऱ्हा तू. आपल्याला काय सांगायचंच न्हाई." मी कोरफडीचा गर लावला. हात लावला की ते शहारायचे. तिसऱ्या दिवशी मेडिकल होतं.

मेडिकलहून आले ते टोपी खुंटीला लावून म्हणाले, "न्हाई झालं." एवढंच. मी विचारलं, काय म्हणाले? तर म्हणाले, अनफिट. का? तर म्हणाले, डाग. आणि पाय धुवायला मोरीत गेले.

माझ्या अंगाचा नुसता भडका उडाला. दुसऱ्या दिवशी सकाळी आत्यांना बाजाराचं सांगून मी निघाले आणि कंपनीच्या गेटजवळच्या दवाखान्यासमोर जाऊन उभी राहिले. वॉचमन म्हणाला, बाई, इथं थांबायचं नाही. मी म्हणाले, रस्ता तुझ्या बापाचा आहे का? असं मी आयुष्यात कुणाला बोलले नव्हते. डॉक्टर गाडीतून उतरले तशी मी पुढं झाले आणि एका दमात सगळं सांगितलं. माझ्या मालकांना रोग नाही. ते उन्हानं काळे झालेत, तुमच्याच गाड्या पोचवून. आणि हे जे पट्टे आहेत ते मी लावलेल्या लिंबाचे आहेत.

डॉक्टर थांबले. म्हणाले, "लिंबाचा रस? आणि धुतला नाही?"

"नाही."

"अहो, लिंबाचा रस कातडीवर ठेवून उन्हात गेलं की कातडी भाजते. फोड येतात, मग काळे डाग पडतात. लिंबू लावून उन्हात कोण जातं, बाई?"

"उन्हात कोण पाठवतं, साहेब?" मी म्हणाले.

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. ते वाईट नव्हते, हे मला तेव्हाही दिसत होतं, म्हणून तर जास्त राग येत होता. वाईट माणसाला शिव्या तरी घालता येतात.

"मी त्याला विचारलं होतं," डॉक्टर म्हणाले. "दोनदा विचारलं. तोंडाला काही लावलंस का? तो म्हणाला, नाही, रेडिएटरचं गरम पाणी उडालं. गरम पाण्यानं अशा रेघा पडत नाहीत, मानेवर बोटं उमटत नाहीत. मला वाटलं हा काहीतरी लपवतोय. लपवतात माणसं, नोकरीसाठी रोगसुद्धा लपवतात. लिंबू लावलं एवढं म्हणाला असता तर मी फिट लिहिलं असतं. दोन-तीन महिन्यांत डाग आपोआप जातील."

"मग आता लिहा."

"जागा काल संध्याकाळीच भरल्या," डॉक्टर म्हणाले आणि आत गेले.

मी घरापर्यंत कशी चालत आले मला आठवत नाही. हे खाटेवर बसून पिशवी भरत होते, हैदराबादची चासी लागली होती. आत्या नळावर गेल्या होत्या. मी दार लोटलं.

"डॉक्टरनी दोनदा विचारलं होतं तुम्हाला."

त्यांचा हात थांबला.

"दोनदा! लिंबू म्हणायला काय जीभ झडत होती? एक शब्द! त्या एका शब्दावर जागा होती आणि तुम्ही रेडिएटर घेऊन बसलात?"

"हळू बोल."

"नाही बोलत हळू!"

त्यांनी पिशवीचा बंद आवळला. मग म्हणाले, "रांगेत माझ्या मागं आपल्या गल्लीतलाच एक ड्रायव्हर हुता. त्याच्यासमोर कसं म्हनू, बायकूनं लिंबू लावलं म्हनून? संध्याकाळपतुर आईच्या कानावर गेलं असतं. तिनं तुला परत गाठोडं बांधून दिलं असतं. आन् ह्या खेपेला मला तुला आनता आलं नसतं." बंदाला गाठ मारत म्हणाले, "फाट्यावर दहा-दहा मिन्टं थांबायचं मला परत न्हाई जमनार."

दुसरी एखादी बाई असती तर ह्या बोलण्यावर विरघळली असती. मी विरघळले नाही. माझ्यासाठी कुणी मागितलं होतं हे? मी सहा महिने काय, वर्षभर माहेरी बसले असते, आईच्या शेतात खुरपलं असतं, आत्यांच्या शिव्या खाल्ल्या असत्या आणि परत आले असते. उन्हातून मात्र सुटका अशी परत येणार नव्हती. मी त्यांना हे सगळं बोलले. फार वाईट शब्दांत बोलले. ते ऐकत राहिले, त्या भाजलेल्या तोंडानं.

मग मी दार उघडून तरातरा नळावर गेले. सात-आठ बायका होत्या, आत्या हंडा भरत होत्या. आता लपवायचं कशासाठी, जे जायचं ते गेलं होतं. मी सगळ्यांसमोर मोठ्यानं म्हणाले, "आत्या, रेडिएटर-बिडिएटर काही उडालं न्हाई. त्यांच्या तोंडाला लिंबू मी लावलं. मानेवर बोटं आहेत ती माझी. काय गाठोडं बांधायचं ते बांधा."

बायका वळून बघायला लागल्या. आत्यांनी हंड्यावरचा हात काढला नाही, वरही बघितलं नाही.

"मला म्हाईत हाय," त्या म्हणाल्या. "आला त्याच दिशी दिसलं मला. घरातल्या बाईची बोटं मला वळखू येनार न्हाईत व्हय?"

"मग बोलला का नाहीत?"

"माझा ल्योक तुझ्यासाठी खोटं बोलला. मग मी कशाला तोंड उघडू? म्हनलं, ऱ्हाऊ दे दोघांचं दोघांत."

हंडा भरून वाहायला लागला होता. कुणीतरी नळ बंद केला. मी तिथं उभी होते आणि मला एवढंच कळत होतं की हे ज्या भीतीनं गप्प बसले ती भीती त्या घरात नव्हतीच. आयुष्यभर जिची जीभ ऐकली ती बाई नेमकी ह्याच वेळी गप्प बसली होती. एकदा, फक्त एकदा तिनं घर डोक्यावर घेतलं असतं, माझ्या झिंज्या धरल्या असत्या, तर लिंबाचं नाव त्याच संध्याकाळी चव्हाट्यावर आलं असतं आणि डॉक्टरपुढं लपवायला काही उरलंच नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे हैदराबादला निघाले. मी त्यांच्या डोक्याला टॉवेल बांधला आणि तोंडाला काहीही लावलं नाही. त्यानंतर आणखी कितीतरी वर्षं ते उघड्या चासीवर बसले. आत जायची संधी त्यांना पुन्हा मिळाली नाही. मानेवरची बोटं डॉक्टर म्हणाले तशी तीन महिन्यांत गेली.